ओढ्याकाठची एकटी शिंदी

देगलूरकडच्या आमच्या गावात ओढ्याच्या काठानं शिंदीची, म्हणजे रानखजुराची झाडं होती. दिवाळीत लक्ष्मी म्हणून पुजायची केरसुणी त्यांच्याच पात्यांची. उन्हाळ्यात सगळं गाव शिंदोळ्या खाऊन बिया थुंकत हिंडायचं. हळूहळू झाडं मोजकीच उरली, त्यात फळ धरणारी एकच. मग ओढा खोल करायला जेसीबी आला.

वडील त्याच्या पुढ्यात जाऊन उभे राहिले. चालक वैतागून म्हणाला, एक झाड ठेवतो, कुठलं ते सांगा. गावातल्या कुणीही सांगितलं असतं तेच वडिलांनी सांगितलं, "फळ देती ती ऱ्हाऊ दे. बाकीची वांझ हायेत."

शिंदीत नर वेगळा, मादी वेगळी. ती 'वांझ' झाडं म्हणजेच नर होते. मी नांदेडला शाळेत विज्ञान शिकवते. मला फोनवर कळलं तोवर सगळं उपटून झालं होतं. असा संताप आला, पण काढणार कुणावर? वडील तर झाड वाचवल्याच्या आनंदात होते.

पुढच्या उन्हाळ्यात शिंदोळ्या धरल्या त्या हरभऱ्याएवढ्या, आत बीच नाही. वडिलांनी कारण विचारलं, तेव्हा मी सांगून टाकलं.

"म्हंजी मी तिला वाचवलं न्हाई, माय. एकटं पाडलं."

नराचा एखादा तुरा मिळाला तर तिच्या फुलोऱ्यावर झटकता येईल, म्हणून आम्ही दोघांनी मोटारसायकलवरून पार कर्नाटकाच्या हद्दीपर्यंतचे ओढे पालथे घातले. सगळीकडं सोयाबीन, नाहीतर सिमेंटचा काठ. एकही शिंदी दिसली नाही.

नंतर वडील डोळे दाखवायला नांदेडला आले. आमच्या इमारतीच्या दारात बॉटल पाम ओळीनं लावलेत. बुंधा चाचपत त्यांनी विचारलं, "ह्यो कुठला?"

"लांब समुद्रातल्या एका बेटावरचा. तिथल्या रानात आता नावालाच उरलाय."

"मग हितं काय करून राहिलाय?"

शोभेला ठेवलाय, हे सांगायची मला लाज वाटली.

यंदाही शिंदी फुलली. वडिलांचा फोन आला.

"नर घावला का कुठं?"

"नाही, बाबा."

"बरं," ते म्हणाले, पण फोन ठेवेनात. मीही ठेवला नाही.

"औंदा तर लई फुललीय, माय. तिला काय सांगू?"