मुकादमाची पणती

"अंतर कमी करू नका, रावसाहेब! एक हात म्हंजे एक हात!" मला असे दरडावून तो आधी स्वतःच्या छातीवर थाप मारी. मग समोरच्याला म्हणे, "हां, फुंक आता!"

पारसिकच्या डोंगरातल्या खाणीचा तो मुकादम, बाळकुमचा आगरी. रेल्वेच्या पुलांसाठी तिथे दगड फोडत, घडवत. मी कारकून. दर सोमवारी खोपीचे दार लावून मी पेटती पणती हातभर लांब धरायची आणि एकेका पाथरवटाने ती तीन फुंकरांत विझवायची. नाही विझली तर दगडाची भुकटी छातीत बसली असे समजून त्याला कायमचे घरी धाडत. ही युक्ती मुकादमाचीच. ठेकेदार तिच्यावर बेहद्द खूश होता.

रोज सकाळी मुकादम गुळाचे खडे वाटी. "खावा, धूळ खाली उतरते." कुणी तोंडाला ओले फडके बांधले की ओरडे, "नवरी आली रं, नवरी!" सगळे हसत. मीही हसत असे. हळूहळू फडकी बांधायची बंद झाली.

एका सोमवारी त्याच्या सख्ख्या धाकट्या भावाला पणती विझवता येईना. माझा हात आपसूक पुढे झाला. मुकादमाने माझे मनगट धरून मागे ओढले.

"दादा, घरान चार पोरं हायत," भाऊ म्हणाला.

"मंग दम घे नि फुंक."

भाऊ घरी बसला आणि भातकापणीपर्यंतही जगला नाही. तुम्ही म्हणाल, काळजाचा दगड झालेला माणूस. पण त्या सोमवारपासून भावाचे सगळे घर तोच पोसत होता. हे मला माहीत होते आणि माहीत असूनच पुढचे माझ्या हातून घडले.

दोन वर्षांनी चढावर त्याला धाप लागलेली ठेकेदाराने पाहिली. "आज मुकादमालाही फुंकू द्या," तो हसत म्हणाला.

मुकादम माझ्यासमोर उभा राहिला. ओठ न हलवता पुटपुटला, "रावसाहेब, जराशी जवळ."

मी हात ताठ ठेवला. त्याचा भाऊ आठवला म्हणून, असे मी लोकांना सांगत आलो. खरे सांगायचे तर मला मजा वाटत होती. तीनदा ज्योत वाकली आणि तीनदा सरळ झाली.

आठ दिवसांनी मन खाऊ लागले, तेव्हा बाळकुमला गेलो. तो भिंतीला टेकून बसला होता. आडवे होताच श्वास अडकत होता. ओटीवर भावाची पोरे नुसती पेज पीत होती. मला पाहून तो थांबत थांबत म्हणाला, "तुमी बराबर केलं, रावसाहेब. मी बी हात हालवला नसता."

चौथ्या दिवशी तो गेला. मी त्या घरी शिव्या खायच्या तयारीने गेलो होतो. त्या मिळाल्या असत्या तर आज हे लिहीत बसलो नसतो.