तोंडाने मागितलेला पत्ता मिळत नाही

बाजारात त्याला सगळे भोंगा म्हणत. भाजीच्या घाऊक बाजारात उलट्या क्रेटवर उभा राहून तो लिलाव पुकारायचा, आणि आवाज असा की पलीकडच्या गल्लीतली माणसं अंथरुणात पडल्या पडल्या टोमॅटोचा भाव ऐकायची. बोली चढत चढत थांबली की शेजारच्या पोत्यावर तो उजव्या हाताची थाप मारी. थाप पडली की सौदा संपला, मग कुणी कितीही हात वर करो. तोंडाचा पट्टा चालवून त्याने घर चालवलं, मुलीला शिकवून परगावी धाडलं, आणि एवढं करून घरी आल्यावरही हा माणूस गप्प म्हणून बसत नसे.

मग घशात गाठ निघाली. डॉक्टरांनी गाठीबरोबर स्वरयंत्रही काढलं. जीव वाचला, त्यांचे उपकार मानावेत तेवढे थोडे. पण भोंगा तेव्हा कुणाचेच उपकार मानायच्या मनःस्थितीत नव्हता. श्वासासाठी गळ्याला भोक, त्यावर बायकोने शिवलेला जाळीदार रुमाल. लिहायला दिलेली पाटी त्याने पहिल्याच दिवशी पलंगाखाली ढकलली आणि मागच्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडला.

बाजारातला काटेवाला, म्हणजे त्याच्या शेजारी उभा राहून माल तोलणारा जुना सोबती, दर रविवारी भेटायला यायचा. भोंगा बायकोला हातानेच खुणावी, झोपलोय म्हणून सांग. ती बिचारी दारात उभी राहून खोटं बोले, आणि काटेवाला संत्र्यांची पिशवी तिच्या हातात देऊन जिना उतरे. नवरा दवाखान्यातून परत आला होता, पण माणसांत परत येतो की नाही याची तिला शाश्वती वाटत नव्हती.

तिची धाकटी बहीण कॅसिनोत ब्लॅकजॅकच्या टेबलावर पत्ते वाटते. कॅसिनोचं नाव काढलं की सज्जन लोक नाक मुरडतात. खुशाल मुरडोत. आठ-आठ तास उभं राहून, उर्मट माणसांशी गोड वागून ती पगार घेते, आणि तिच्या युनिफॉर्मचे खिसेसुद्धा शिवून बंद केलेले असतात, टेबलावरचं काही आत जाऊ नये म्हणून. ते बंद करायचं काम थोरलीचं, कारण थोरली घरी शिलाई करते. एका दुपारी कामावर जाता जाता धाकटी डोकावली, मागच्या खोलीतली ती पाठ बघितली, आणि कुणाला काही न विचारता पलंगापाशी टेबल ओढून पत्ते पिसायला लागली. बहिणीच्या डब्यातली बटणंही तिने आणली होती. पैशांऐवजी बटणं.

भोंगा हलला नाही. तिने त्याच्या वतीने एक बटण डावावर लावलं, दोघांचेही पत्ते वाटले आणि एकटीच बडबडत राहिली. पत्त्यांची बेरीज एकवीसच्या जितकी जवळ तितकं चांगलं, एकवीसच्या वर गेलं की मेलात. राजा, राणी, गुलाम, सगळ्यांची किंमत दहाच, तिथे कुणी भाव खायचा नाही. एक्का सोयीप्रमाणे एक किंवा अकरा, “तुमच्यासारखा, भाऊजी. लग्नाच्या आधी आमच्याकडे यायचात तेव्हा एकाचं जेवायचात, लग्नानंतर अकरा जणांचं.” हे मात्र त्याला सहन झालं नाही. डोळे वटारायला तो वळला, आणि समोर त्याचे दोन पत्ते होते. एक राजा, एक दश्शी.

वीस! मेलेल्या माणसालासुद्धा वीस झाल्यावर बरं वाटेल. खूश होऊन त्याने टेबलावर थाप मारली, पोत्यावर मारायचा तशी, सौदा संपला म्हणून. धाकटीने शांतपणे आणखी एक पत्ता त्याच्यापुढे टाकला. पंजी. पंचवीस झाले, आणि तिने त्याचं बटण उचललं.

त्याने ओरडायला तोंड उघडलं. आवाज कुठला यायला. धाकटी कळवळली नाही, ही तिची थोरवी.

“मागितलात, मी दिला,” ती म्हणाली. “टेबल ठोकलं की अजून एक पत्ता. नको असेल तर तळवा आडवा फिरवायचा. ओरडून काही उपयोग नाही, भाऊजी. आमच्याकडे तोंडाने बोललेलं चालतच नाही. छतातल्या कॅमेऱ्याला दिसतं, ऐकू येत नाही. कितीही मोठा माणूस येऊन घसा फोडू दे, हात हलवल्याशिवाय त्याला पत्ता नाही.”

भोंगा उठून बसला, उशी पाठीशी घेतली आणि पत्ते वाट म्हणून हात केला. बाहेरच्या खोलीत शिलाई मशीन एकदम थांबलं.

त्यानंतर धाकटी जवळपास रोजच कामाआधी येऊ लागली. भोंग्याला आधी तिचा चेहरा वाचायची खोड, लिलावात तो व्यापाऱ्यांच्या भुवयांवरून भाव ओळखायचा. इथे ते फुकट गेलं. वाटणारीला मर्जीच नसते. सोळापर्यंत तिने पत्ता घ्यायचाच, सतरा झाले की थांबायचंच. तिचा एक पत्ता उघडा असतो, तेवढ्यावर आपण ठरवायचं. जिंकलेलं गिऱ्हाईक खूश झालं तर पैशांऐवजी चालणारी एखादी चकती वाटणारीपुढे सरकवतं, हेही तिने सांगितलं. ती चकती टेबलावर दोनदा वाजवायची, म्हणजे वरच्या कॅमेऱ्याला दिसतं की ही बक्षिसी आहे.

मग एका रविवारी खेळ रंगात असताना दार वाजलं. काटेवालाच असणार. बायको उठली, कडीवर हात ठेवला आणि सवयीने नवऱ्याकडे बघून थांबली. आज कुठलं खोटं सांगायचं तेवढं तो खुणावणार होता. धाकटीने हातातले पत्ते खाली ठेवले. भोंग्याने गळ्यावरचा रुमाल चाचपला. तळवा आडवा फिरवायला त्याचा हात उचललाही गेला होता. तो तसाच खाली आला, आणि त्याने बोटाने टेबल ठोकलं.

अजून एक.

बायकोने कडी काढली ती रडतच.

काटेवाला आत आला आणि संकोचून मोठमोठ्याने बोलू लागला. आवाज गेलेल्या माणसाशी लोक असे का बोलतात कोण जाणे. त्याला बसवलं, बटणं दिली, पत्ते वाटले. “दे गं एक,” तो म्हणाला. धाकटी ढिम्म. तो पुन्हा म्हणाला, आणखी चढ्या आवाजात. तेव्हा भोंग्याने त्याच्या कोपराला हात लावला, आपल्या ओठांवर बोट ठेवलं आणि त्याला टेबल ठोकून दाखवलं. काटेवाला समजला. त्याने ठोकलं, आणि सत्तावीसवर जाऊन मेला. भोंग्याचे खांदे गदगदा हलायला लागले. आवाज नव्हता, पण हसणं तेच होतं, आणि ते ओळखून काटेवाल्याने तोंड फिरवून डोळे पुसले. तासभर कुणी बोललं नाही. त्या तासात भोंगा त्या खोलीतल्या इतरांसारखाच होता.

धाकटीची निघायची वेळ झाली. भोंग्याच्या मनात काय काय दाटून आलं होतं. आवाज असता तर या पोरीचं नाव घेऊन त्याने गल्ली जागी केली असती, असं त्याला वाटलं. खरं सांगायचं तर आवाज होता तेव्हा त्याने कधी कुणाचे आभार मानलेच नव्हते, आजही थट्टेवारीच नेलं असतं. आता ती सोय उरली नव्हती. त्याने आपल्या ढिगातलं सगळ्यात मोठं, कोटाचं काळं बटण शोधलं आणि दोन बोटांनी तिच्यापुढे सरकवलं.

धाकटीने ते उचलून टेबलावर दोनदा वाजवलं. पुढे मात्र तिला काही सुचेना, कारण खिसे शिवलेले, आणि हातात काही घेऊन कॅसिनोच्या टेबलापाशी उभं राहता येत नाही. थोरलीने सुई ओवली, खाली बसली, आणि तिच्या अंगावरच्या युनिफॉर्मच्या खालच्या घडीत, आतल्या बाजूने, ते बटण पक्कं शिवून दिलं.