टाकीचं कुलूप

जुनी पिकअप डिझेल जास्त खायला लागली की आमच्या भागात जो तो डॉक्टर होतो. एक म्हणाला, डिझेलच्या नळीला लोहचुंबक बांधा. दुसऱ्यानं टाकीत टाकायच्या गोळ्या आणून दिल्या. तिसऱ्याचं म्हणणं, उतार लागला की गाडी न्यूट्रल करून सोडून द्यायची, दोन किलोमीटर फुकटात जाते. ब्रेक लागला नाही तर माणूस फुकटात कुठं जातो, हे मात्र त्यानं सांगितलं नाही. या सगळ्यांचा मला अजून राग येतो. पण माझं वाटोळं यांच्यापैकी कुणी केलं नाही. ते मी माझ्या हुशारीनं केलं.

मी बोरीत मास्तर आहे, गणित शिकवतो. बारा वर्षांची पिकअप बायकोच्या नावावर आहे आणि ती चालवायचे माझे दाजी, धाकट्या बहिणीचे यजमान. त्यांचं गाव चुडावा. आठवडाभर ते आमच्याकडेच राहायचे. सकाळी परभणीला भाजीपाला न्यायचा, येताना सरकी पेंड नाहीतर सिमेंट आणायचं, रविवारी आपल्या घरी जायचं. गावात कुणी घरजावई म्हणून चिडवलं तर हसून सोडून द्यायचे. माणूस गरीब नव्हता, शांत होता. मला तो फरक तेव्हा कळत नव्हता.

मागच्या उन्हाळ्यात जिंतूर रोडला गावातल्या एका गाडीचं टायर भर दुपारी फुटलं. तेव्हापासून गावात नियमच झाला, उन्हाळ्यात चाकात हवा कमी ठेवायची. हवा तापली की फुगते, फुगली की टायर फुटतं. हा धडा चौकात चार लोकांना समजावून सांगणारा मीच. चैत्र लागला तसा मी दाजींनाही हुकूम सोडला.

आठ दिवसांनी ते म्हणाले, "गुरुजी, मऊ टायर जास्तच तापायलंय. हात लावून बगा. हवा वाढवू का थोडी?"

"दाजी, तुमी गाडी चालवा. डोकं मी चालवतो."

ते चावी घेऊन गाडीकडं गेले. पुढं एकदा परत विचारलं, तेव्हा मी पोरांसमोर आवाज चढवला. तिसऱ्यांदा त्यांनी विचारलं नाही.

गाडीचं अ‍ॅव्हरेज काढायची मला खोड आहे. टाकी काठोकाठ भरायची, किलोमीटर लिहायचे, परत काठोकाठ भरायची आणि भागायचं. चौदा देणारी गाडी चैत्रात अकरावर आली. मी वही पुढं ठेवून तीन दिवस विचार केला. गाडी तीच, रस्ता तोच, ओझं तेच. मग डिझेल जातं कुठं? गणित सरळ होतं. गाडी माझ्या नजरेआड दिवसभर एकाच माणसाच्या हातात असायची. पंपावरचे टवाळ म्हणालेच, "गुरुजी, ड्रायव्हर घरचा असला म्हणून काय झालं?" मला तेवढंच पाहिजे होतं.

मी टाकीच्या झाकणाला कुलूप आणलं. दाजी ओट्यावर चहा पीत असताना त्यांच्या डोळ्यांदेखत लावलं आणि किल्ली खिशात घातली.

त्यांनी कप खाली ठेवला. "तुमी मला चोर म्हणायलाव का?"

"मी काही म्हटलं नाही. वही म्हणते."

त्यांनी गाडीची चावी ओट्यावर ठेवली, आत जाऊन पिशवी भरली आणि एसटीला निघून गेले. चहा अर्धा तसाच राहिला. मला तेव्हा वाटलं, चोराच्या मनात चांदणं.

शाळेला सुट्टी होती, म्हणून गाडी मीच चालवली. किल्ली माझ्याकडं, स्टेअरिंग माझ्याकडं. पहिल्या आठवड्याचं अ‍ॅव्हरेज आलं दहा. चोर गेल्यावर चोरी वाढली! मी पंपवाल्याशी भांडलो, मेकॅनिकला शिव्या घातल्या, रात्री टाकीतून कोण काढतं म्हणून गाडी खिडकीखाली लावली. दाजींचं नाव मनात आलं की मी ते झटकून टाकायचो. आपण चुकलो असं मानायला मास्तराची जीभ फार जड असते.

जूनमध्ये पाथरीला भाडं घेऊन गेलो आणि तिथं पंक्चर झालं. पंक्चरवाल्या म्हाताऱ्यानं दुसऱ्या टायरला हात लावला आणि चटकन मागं घेतला.

"कोण चालवतं ही गाडी?"

"मीच."

"मंग तुमालाच ठोकायला पायजे. निम्मी बी हवा न्हाई ह्याच्यात. मऊ टायर घासत चालतं, घासलं की तापतं, तापलं की फुटतं. आन असली गाडी ओढायची म्हणल्यावर इंजन डिझेल पिणारच की."

मग त्यानं एअर फिल्टर काढला आणि दगडावर आपटला. किलोभर माती आणि सरकीचं पीठ पडलं. "रोज झटकत न्हाईत व्हय?"

रोज सकाळी आमच्या ओट्याच्या कडेला काहीतरी ठकठक वाजायचं. झोपमोड होते म्हणून मी आतून ओरडायचो. त्या म्हाताऱ्यासमोर मला तो आवाज आठवला आणि स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटलं.

हवा बरोबर भरली, फिल्टर साफ केला, गाडी चौदावर आली. त्याच दिवशी चुडाव्याला जायला पाहिजे होतं. मी गेलो नाही. पंचमीपर्यंत थांबलो, म्हणजे बहिणीला आणायला मुराळी म्हणून जाता येईल, माफी मागायला आलो असं दिसणार नाही. या हिशेबाची मला आज सगळ्यात जास्त शरम वाटते.

मी दारात गाडी उभी केली. दाजी बाहेर आले, त्यांनी बोटांच्या पेरांनी टायर वाजवून बघितलं. "आता बराबर हाय हवा."

मी घाईघाईनं कुलूप काढायला लागलो. चुकलं म्हणायचं होतं, तोंडातून आलं, "दाजी, आता चौदा देते."

"ऱ्हाऊ द्या कुलूप, गुरुजी. म्या गेल्यावर बी डिझेल कमी झालंच की. तवा कुणाला धरलंत?"

मी म्हणालो, "माझं चुकलं." ते मान हलवून आत गेले. बहीण उंबऱ्यात उभी होती.

"दादा, ह्यांनी मला कायबी सांगितलं न्हाई. मला बोरीच्या बायांकडून कळलं. त्याच बायांत पंचमीचा झोका खेळायला येऊ का मी? चोराची बायको आली म्हणतील."

तिनं पाणी दिलं. जेवून जा म्हणाली नाही.

परत येताना गावाजवळच्या पंपावर सवयीनं टाकी भरली, सवयीनंच वही काढली. सोळा आलं. मागं पोतं नाही, शेजारच्या सीटवर कुणी नाही, म्हणून या गाडीनं कधी नव्हे ते सोळा दिलं होतं. घरी पोचलो तर बायको नणंदेवरून ओवाळून टाकायला भाकरतुकडा घेऊन दारात उभी होती.