न उतरलेली बंदरं

माझे भावोजी उभी हयात मालवाहू जहाजांवर फिटर होते, पार खाली, इंजिनाच्या खोलीत. रजेवर आले की ताईला बंदरांच्या गोष्टी सांगायचे. नेपल्सला बायका गच्चीतून दोरीला बांधून टोपली खाली सोडतात आणि भाजीवाला ती भरून देतो, ही तिची सगळ्यात आवडती. ताईचं पाळणाघर होतं. घास भरवताना ती हीच गोष्ट मुलांना इतकी रंगवून सांगायची, जणू दोरीचं एक टोक तिच्याच हातात होतं.

यंदा त्यांच्या लेकीने दोघांना भूमध्य समुद्रातल्या सफरीवर पाठवायचं ठरवलं. बंदरं निवडायला ते सहल कंपनीच्या कचेरीत गेले. मीही सोबत होते. तिथल्या मुलीने दोन मार्ग दाखवले. एका मार्गावर नेपल्स, मार्सेय, पालेर्मो. दुसऱ्यावर छोटी बेटं. ताईने पहिल्यावर बोट ठेवलं आणि त्या मुलीला भावोजींची टोपल्यांची गोष्टही सांगितली. भावोजी मात्र बेटांवरच अडून बसले. तिकडे ऊन फार, चोर फार, शिवाय पाहिलेलंच काय पाहायचं, असं त्यांचं चाललं होतं.

ताई म्हणाली, "तुम्ही पाहिलंय हो. मी कुठे पाहिलंय? की तिथे कोणी ओळखीची निघेल याची धास्ती आहे?"

मी हसले. भावोजी हसले नाहीत.

त्या मुलीने सहज विचारलं, "काका, तुम्ही तर माहितगार. टोपल्यांची ती गल्ली बंदरापासून चालत जाण्यासारखी आहे का?"

भावोजींनी समोरचा नकाशा बाजूला सारला. मग म्हणाले, "ठाऊक नाही. मी कधी उतरलोच नाही."

मग त्यांनीच सांगितलं, जहाज चालू असताना इंजिन खोलता येत नाही. बंदराला लागलं, इंजिन निवलं, की हे फिटर लोक ते उघडून बसणार. काम संपेतो निघायची वेळ. गोष्टी सगळ्या जहाजावरच्या स्वयंपाक्याच्या. तो भाजी आणायला उतरायचा.

ताईचा चेहरा उतरला. खोट्याचं तिला तेवढं लागलं नसावं. "मी इथे दुसऱ्यांच्या पोरांची नाकं पुसतेय आणि तुम्ही मजेत हिंडताय, म्हणून किती वर्षं मनात चडफडले मी," ती म्हणाली. "कशाला सांगितलंत?"

"पहिल्या रजेत तू विचारलंस. नुसतं तेल आणि नटबोल्ट काय सांगणार होतो?"

ताईने पदराने चष्मा पुसला आणि त्या मुलीला म्हणाली, "नेपल्सचंच करा."

घरी येताना भावोजी दोन पावलं मागून चालत होते. चहा पुढ्यात ठेवल्यावर ताईने विचारलं, "मग खाली तुम्हाला बंदर लागल्याचं काय कळायचं?"

"ऐकू काही यायचं नाही, जनरेटर चालू असायचा," ते म्हणाले. "पण हवेच्या पाइपातून कधीमधी ताज्या पावाचा वास यायचा. हातातला पाना ठेवून आम्ही सगळे त्याच्याखाली जाऊन उभे राहायचो."

"अजून?" ताई म्हणाली.