डावीकडची जागा

माझी पोरगी खेळाच्या लोखंडी दांडीला लटकलेली, पाय अधांतरी, आणि शेजारच्या आजी खाली नुसत्या हात पसरून उभ्या, धरत नाहीत की काही नाही! मी किंचाळत धावले, तर आजींनी मलाच दटावलं. "थांब. तिला सोडू दे." पोरीने हात सोडले नि ती अलगद त्यांच्या हातात आली. वर खिदळतेय!

या आजी चेक देशातल्या एका छोट्या गावच्या. तिथे मोठी तालीम होती म्हणे, अख्खं गाव एका तालात कवायत करायचं. सरकारं तालमीला कुलूप लावायची, लोक परत उघडायचे. शेवटी पोरं शहरात गेली नि कवायतीच्या रांगाच उरल्या नाहीत. इथे ब्रेडा या डच शहरात आजी रोज सकाळी अंगणात एकट्याच कवायत करतात, पण आधी दोन्हीकडे हात लांब करून रांगेतल्या शेजारच्यांची जागा सोडतात. मी ते खिडकीतून बघत राहते. माझ्याही शेजारी इथे कोण आहे?

आज त्या कवायतीचा छोटा पांढरा सदरा शिवून दारात आल्या. "उद्यापासून ती माझ्या डावीकडे." सदरा अजून माझ्या हातातच आहे हो. तुम्ही पाठवलं असतं पोरीला?