आडव्या बाटलीला माझं मत

अंथुर्ण्यात मला 'बाटलीवाली' म्हणतात. तोंडावर नाही, मागून. पहिल्यांदा ते कानावर आलं तेव्हा मी एका हळदीकुंकवाला गेले होते. घरची बाई माझ्या कपाळाला कुंकू लावायला पुढं झाली, तेवढ्यात मागून कुणीतरी पुटपुटलं, "बाटलीवालीची बी वटी भरत्यात व्हय?" त्या बाईचा हात थांबला. मी म्हटलं, "लावा की. धंदा द्राक्षाचा हाय, कपाळ काय नासलं न्हाय माझं." तिनं लावलं. मी तिळगूळ घेतला आणि शेवटची बाई उठेपर्यंत तिथंच मांडी घालून बसले.

आमची जमीन लासुर्ण्याला जाणाऱ्या रस्त्याच्या कडेला. चहूबाजूंनी ऊस. आमच्यातही ऊसच होता. पाटाचं पाणी पाजून पाजून खालचा तुकडा खारवट झाला, ऊस कमरेच्या वर जाईना. तेव्हा नवऱ्यानं वरच्या मुरमाड पट्ट्यात वाइनची द्राक्षं लावली. एक कंपनी रोपं देत होती आणि माल आम्हीच उचलू म्हणत होती. काही वर्षं तिनं उचललाही. मग एका हंगामात, घड रंगावर आलेले असताना, कंपनी बंद पडली. फोन घ्यायलाही कुणी उरलं नाही.

ही द्राक्षं बाजारात कोण खाणार? मणी बारीक, साल जाड, नुसत्या बिया. वर्षाची मेहनत आम्ही शेळ्यांपुढं टाकली. नवरा म्हणाला, "उन्हाळ्यात तारा-खांब काढू. ऊसच बरा."

"खांबाला हात लावायचा न्हाय," मी म्हटलं. "वाइन आपण करू."

"आपण म्हंजी कोण?"

"मी."

मी बारामतीच्या कॉलेजात रसायनशास्त्र शिकले होते. लग्नानंतर त्या शिक्षणाचा उपयोग एवढाच, की ठिबकच्या नळ्यांत बसलेला क्षार ॲसिडनं कसा काढायचा ते मला कळायचं. पुढच्या हंगामात मी नाशिककडच्या एका वायनरीत कामाला राहिले. टाक्या घासल्या, पाइप ओढले, चव घेऊन थुंकायला शिकले. परत येऊन परवान्यासाठी हेलपाटे सुरू केले. कचेरीत साहेब प्रश्न नवऱ्याला विचारायचे आणि नवरा माझ्याकडं बोट करायचा. त्याचं ते बोट मी आजही विसरलेले नाही. गावात त्याला किती हसले असतील, पण ते बोट कधी खाली आलं नाही.

ज्या दिवशी ट्रॅक्टरच्या शेडमध्ये स्टीलच्या टाक्या उतरल्या, त्या दिवशी थोरल्या जाऊबाईंनी चूल वेगळी केली.

त्यांना मी अक्का म्हणते. माझे थोरले दीर, म्हणजे त्यांचे मालक, दारूनं गेले. फाट्यावर देशी दारूचं दुकान होतं, तिथली दारू. शेवटी रक्ताच्या उलट्या झाल्या तेव्हा आम्ही त्यांना ट्रॉलीत घालून इंदापूरला नेलं. डोकं माझ्या मांडीवर होतं आणि पाय अक्कांच्या. इंदापूर यायच्या आधीच सगळं संपलं. अशा घरात मी टाक्या आणल्या. अक्का भांडल्या नाहीत. शेगडी आणि चार भांडी उचलून पडवीत गेल्या, बस्स.

पहिल्या वर्षीची वाइन आंबट ढाण झाली. झाकण नीट बसलं नव्हतं, आत हवा गेली. सगळी ओतून दिली. दुसऱ्या वर्षी पुन्हा केली. फेब्रुवारीत पहाटेच्या गारव्यात घड तोडायचे, मणी फोडून टाकीत घालायचे. रस खदखदायला लागला की सालं वर येऊन जाड थर धरतात. तो थर लाकडी दांड्यानं पुन्हा पुन्हा खाली दाबायचा. दंड असे भरून येतात की रात्री केस विंचरायला हात वर होत नाही. एका वर्षी घडांवर भुरी रोग पडला, एका वर्षी गारपीट झाली. एकदा फेब्रुवारीतच असं ऊन तापलं की द्राक्षं साखरेनं फुटायला आली आणि वाइन कडक उतरली. तरी मी केली. एका वर्षीची दुसऱ्या वर्षीसारखी कधी झाली नाही आणि ते मला आवडत गेलं. उसाचं तसं नाही. ऊस गाडीत भरला की कुणाचा कुठला, काही कळत नाही.

मग अक्कांनी फाट्यावरच्या दुकानाविरुद्ध बायका उठवल्या. कधी चार माणसांत न बोललेली ती बाई घरोघर फिरली. मतदान ठरलं. मतपत्रिकेवर दोन बाटल्यांची चित्रं, एक उभी, एक आडवी. आडवीवर शिक्के जास्त पडले तर दुकान बंद. मतदानाच्या आधी देवळासमोर बायकांची बैठक झाली, तिला मी गेले. सतरंजीवर कुणी सरकलं नाही, म्हणून पायरीवर बसले.

"हिचं हितं काय काम?" एकजण म्हणाली. "ही तर उभीवाली."

मी उभी राहिले. "मी आडवीला मत देणार हाय."

"आन् सकाळी उठून बाटल्या भरणार व्हय?"

"भरणार. माझा माल सगळा शहरात जातो. गावात मी एक बाटली विकलेली दाखवा. मजुरीच्या बदल्यात कुणाला घोटभर दिलेली दाखवा. दाखवलीत तर शेडला मीच कुलूप घालीन."

कुणी दाखवलं नाही. पण कुणी 'बरोबर आहे' असंही म्हणालं नाही. अक्का सतरंजीचा दोरा ओढत खाली बघत राहिल्या.

मी आडवीवर शिक्का मारला आणि आडवी जिंकली. दुकानाला टाळं लागलं, अक्कांच्या डोक्यावर बायकांनी गुलाल उधळला. तो उतरायच्या आत त्याच बायका माझ्या शेडपुढं येऊन उभ्या राहिल्या. पुढं अक्का. मतदान दुकानाचं होतं, कायद्यानं माझं काही वाकडं होणार नव्हतं, हे त्यांनाही ठाऊक होतं. मी दोन्ही दारं सताड उघडली.

"आता हे बी बंद कर," अक्का म्हणाल्या. "तुझ्या दिराचं मढं आठवत न्हाय तुला?"

"आठवतं. डोकं माझ्याच मांडीवर होतं, अक्का. म्हणून ते दुकान बंद करायला तुमच्या बाजूनं उभी राहिले. पण ही माझी विद्या हाय. चोरून करत न्हाय. दार उघडं हाय, बघायचं त्यानं आत येऊन बघावं. बंद मात्र व्हणार न्हाय."

"मग आमी तोडणीला येणार न्हाय," मागून कुणीतरी म्हणालं.

"नका येऊ."

आणि खरंच त्या हंगामात गावातली एकही बाई आली नाही. मी सुप्याकडं गेले. तिकडच्या जिरायती भागात त्या दिवसांत रानात काम नसतं, तिथून बायकांची टोळी ठरवली. तोडणीच्या दिवशी पहाटेच आभाळ भरून आलं आणि टोळीचा टेम्पो वाटेत बंद पडला. पाऊस पडला तर मणी तडकणार, हंगाम गेला. मी आणि नवरा दोघंच दोन ओळींत घुसलो. थोड्या वेळानं पलीकडच्या ओळीत कात्रीचा आवाज यायला लागला. वाकून पाहिलं, तर अक्का.

"अक्का, तुमी?"

"रानात पिकलंय त्ये सडू द्यायचं न्हाय," त्या माझ्याकडं न बघता म्हणाल्या. "फुडचं तुझं तू बघ. त्या शेडात मी पाय ठेवणार न्हाय."

"नका ठेवू," मी म्हटलं.

टेम्पो आला तोवर उजाडलं होतं. पाऊस दुपारी आला. तोवर बराचसा माल आत गेला होता.

तेव्हापासून अक्का दर तोडणीला येतात. क्रेट भरून शेडच्या दारापर्यंत आणतात, तिथं ठेवतात आणि वळतात. मी त्यांना आत बोलावत नाही. त्यांचं बरोबर आहे. माझंही बरोबर आहे. एका घरात दोन्ही राहतं. काही बायका आता कामाला येतात. काही अजूनही रस्त्यात मला बघून पदर ओढून घेतात. त्यांना मी मुद्दाम हाक मारते.

यंदा ऑक्टोबर छाटणीनंतर पाऊस हटेना. दावण्या रोगानं निम्मी बाग खाल्ली, खालच्या बाजूच्या वेलींचे कितीतरी खुंट मेले. शेजारचे तात्या, जन्मभर कारखान्याला ऊस घालणारे, बांधावर येऊन म्हणाले, "सूनबाई, आता तरी ऊस लावा. किती दिस हट्ट करायचा?"

"तात्या, तुमच्या उसात पानी तुंबलंय," मी म्हटलं. "त्ये बघा आधी."

ते हसत गेले. मेलेले खुंट उपटून मी नव्या रोपांसाठी खड्डे घ्यायला लागले. त्यांना फळ धरायला दोन-तीन वर्षं जातील. जाऊ देत. नवरा खत आणायला गेला होता. अक्का घमेलं घेऊन आल्या आणि खड्ड्यात शेणखत कालवता कालवता म्हणाल्या, "ह्या डाव्या अंगाला पानी साचतंय. जरा उंचावर लाव."

मी खड्डा वर सरकवला.