पाण्यात उतरलेल्या वहिनी

माझ्या वहिनींना पाण्याची भीती होती, हे आता सांगितलं तर लोक मलाच वेड्यात काढतात. पण होती. त्यांना पोहता येत होतं, नाही असं नाही. फक्त मान सतत वर. बदकसुद्धा अधूनमधून मान बुडवतं, वहिनी तेवढंही करायच्या नाहीत. डोकं धुवायचं तर पुढे वाकून केस तेवढे बादलीत सोडायच्या आणि चेहरा टॉवेलने झाकून घ्यायच्या. तोंडावर पाणी आलं की त्यांचा श्वासच अडकायचा. का, म्हणून विचारलं तर म्हणायच्या, "भीतीला कारण लागतं होय? मग ती भीती कसली?"

आणि अशी बाई लग्न होऊन आली आमच्या घरात, जिथे सगळ्यांचं पोट पाण्याखालच्या कामावर!

धक्क्याच्या टोकाला आमचं दोन खोल्यांचं दुकान होतं. पुढच्या खोलीत लोकांना बसायला बाकं आणि भिंतीवर माशांची चित्रं. मागच्या खोलीत हवेच्या टाक्या ओळीने उभ्या, दोरीवर रबरी पोशाख वाळत टाकलेले. अंधारात अचानक पाहिलं तर माणसंच टांगल्यासारखी वाटायची. त्यामागे पडवीत टाक्या भरायचं यंत्र. ते सुरू असलं की कानठळ्या बसायच्या, म्हणून आमच्या घरातली भांडणं ते बंद पडेपर्यंत थांबायची. दादा, म्हणजे माझा थोरला भाऊ, पाहुण्यांना मासे-प्रवाळ दाखवायला समुद्राखाली घेऊन जायचा. मी होडी चालवायचो. वहिनींकडे कोरडं खातं होतं. आल्यागेल्याचं बघायचं, पोशाखांची आणि पायात घालायच्या रबरी पंखांची मापं घ्यायची आणि लोक वर आले की सगळं सामान मागच्या मोठ्या टबात गोड्या पाण्याने खळबळून काढायचं.

दादाबद्दल काय सांगू? किनाऱ्यापासून थोडं आत प्रवाळाची लांबच लांब भिंत आहे. ती त्याला घरच्या अंगणासारखी पाठ होती. कुठल्या कपारीत सापासारखी लांब वाम राहते, कुठल्या खडकापाशी मोठे मासे रांग लावून उभे राहतात आणि चिमुकले मासे त्यांच्या तोंडात शिरून दात साफ करून देतात, सगळं त्याला ठाऊक. जमिनीवर चार शब्द धड न बोलणारा माणूस, पाण्यातून वर आला की तासभर बोलायचा थांबायचा नाही.

एका वर्षी ऐन हंगामात त्याला सर्दी झाली. नाक चोंदलेलं असताना खाली जायचं नाही, हे तो स्वतःच सगळ्यांना शिकवायचा. पण पाहुणे लांबून आले होते, त्यांचा हिरमोड करायचा नाही म्हणून गेला. खाली कान मोकळा होईना, तर नाक दाबून जोर लावला. वर आला तो होडीत आडवाच झाला. सगळं जग गरगर फिरतंय म्हणाला आणि ओकायला लागला. आतल्या कानाचा पडदा फाटला होता.

डॉक्टरांनी बरं केलं, पण बजावलं, "पाण्याखाली आता कधीच जायचं नाही."

"थोडंसं? उथळ पाण्यात?" दादाने विचारलं.

"तुमच्या कानाला थोडंसं कळत नाही," डॉक्टर म्हणाले.

त्यानंतर दादाने दुकानातली खुर्ची फिरवून घेतली आणि समुद्राकडे पाठ करून बसायला लागला. खाली न्यायला आम्ही दुसरी माणसं ठेवली, पण एकही टिकेना. कोणी उशिरा उगवायचा, कोणी प्रवाळावर पाय ठेवून उभा राहायचा. असलं काही कानावर आलं की दादाचा पारा चढायचा. त्यांच्याकडून माशांचं काही ऐकायची तर त्याची तयारीच नव्हती. कोणी वर येऊन कासव दिसलं म्हणालं की हा उठून पडवीत जायचा. दुकान बंद करायच्या गोष्टी घरात सुरू झाल्या.

अशात एका दुपारी मी होडी बांधून मागच्या दाराने आलो, तर वहिनी टबापाशी गुडघे टेकून बसलेल्या, डोकं अख्खं पाण्यात आणि वर बुडबुडे येतायत! मी धावत जाऊन त्यांची वेणी धरून जोरात वर ओढलं.

"अहो भावजी! केस सोडा आधी!" तोंडातली नळी थुंकून त्या ओरडल्या. चेहऱ्यावर मास्क, शेजारी हवेची टाकी. "बाई शांतपणे श्वास घेतेय तर तुम्हाला बघवत नाही का?"

रोज दुपारी दादाचा डोळा लागला की त्यांचा हा उद्योग चालायचा. आधी नुसतं तोंड बुडवायचं, मग श्वास घ्यायचा, मग मास्कमध्ये मुद्दाम पाणी घेऊन नाकाने फुंकून बाहेर काढायचं. सुरुवातीला दर वेळी रडू यायचं म्हणाल्या. "पण टबात रडलेलं कोणाला दिसतंय!"

आमच्या आरडाओरड्याने दादा जागा होऊन दारात उभा होता. तो टबापर्यंत आला, वाकून मास्क बघितला. मग म्हणाला, "मास्कचा पट्टा फार खाली बांधलायस."

तेवढ्यावर त्यांची शिकवणी सुरू झाली. छातीपर्यंतच्या पाण्यात दादा उभा राहायचा, वहिनी खाली वाळूवर बसायच्या. चूक झाली की दादा वरून टाकीवर टकटक करायचा. किनाऱ्यावरून मला दादाचा आवाज ऐकू यायचा, "श्वास रोखू नकोस! काही झालं तरी श्वास रोखायचा नाही!" त्यावर वहिनींचं डोकं वर यायचं, "अहो, रोखत नाहीये, तुमच्यावर चिडलेय!"

खोल पाण्यात शिकवायला मात्र दादा जाऊ शकत नव्हता. त्यासाठी तो स्वतः चालत शेजारच्या दुकानात गेला, कप्तानाकडे. कप्तान म्हणजे आमचा प्रतिस्पर्धी. त्याचं आणि दादाचं कित्येक वर्षं बोलणं नव्हतं, कशावरून ते दोघांनाही आठवत नव्हतं. दादाने हात जोडले तर कप्तानच गडबडला. "अरे, वहिनींना नाही म्हणेन का मी?" म्हणाला.

पहिल्यांदा प्रवाळाच्या भिंतीपाशी गेल्या तेव्हाची गंमत कप्तान अजून सांगतो. पाण्याखाली अंगठा वर केला की त्याचा अर्थ 'वर चला'. वहिनी हे साफ विसरल्या. समोर जांभळी, पिवळी, शेवाळी प्रवाळं, फांद्यांमध्ये माशांचे थवे, एक पोपटमासा करकरा प्रवाळ चावत होता आणि त्याचा आवाज त्यांना चक्क ऐकू येत होता. हरखून त्यांनी कप्तानाला अंगठा दाखवला. कप्तान बिचारा दंड धरून त्यांना थेट वर घेऊन आला.

"वर का आणलंत?" वहिनी वैतागल्या.

"तुम्हीच तर म्हणालात!"

"मी छान म्हणत होते!"

हळूहळू वहिनी पाहुण्यांना घेऊन जायला लागल्या. नेमकं काय करायच्या कोण जाणे, पण त्यांच्याबरोबर गेलेला भित्रा माणूसही हसत वर यायचा. मात्र घरी आल्यावर दादाला काही सांगायला गेल्या की तो उठून जायचा. शिकवलं त्याने जीव तोडून, पण ऐकायला तयार नव्हता. वहिनींनीही मग सांगायचं सोडून दिलं.

एक दिवस एक कंत्राटदार आले, मोठा कॅमेरा घेऊन. बरोबर त्यांचा मेहुणा. होडी हलायला लागताच मेहुण्याचा चेहरा पांढराफटक पडला आणि तो काठाला लटकला, त्यामुळे खाली फक्त वहिनी आणि कंत्राटदार गेले. त्या दिवशी दादाही होडीत होता, नांगराची दोरी बदलायची होती म्हणून. मी बुडबुड्यांवर नजर ठेवून होतो. एकाएकी बुडबुडे भिंतीच्या कडेकडे सरकले आणि मग दिसेनासेच झाले.

दादा उभा राहिला. पाण्याकडे बघून म्हणाला, "प्रवाह फिरलाय. कडेच्या बाहेर ओढतोय." आणि एक पाय त्याने काठाबाहेर टाकला.

मी त्याचा शर्ट मागून घट्ट धरला. "दादा, खाली बस."

"सोड मला."

"तू गेलास तर वहिनींनी दोघांना वर आणायचं का?"

तो मटकन बसला. त्या समुद्रात त्याच्याइतका तरबेज माणूस नव्हता आणि त्याला हात चोळत बसावं लागत होतं. त्याच्या तोंडाकडे माझ्याने बघवेना. मेहुणा एकीकडे ओकत होता आणि एकीकडे म्हणत होता, "ताईला काय सांगू मी? ताईला काय सांगू?" मी होडीचं इंजिन सुरू केलं आणि दादा बोट दाखवेल तिकडे होडी नेऊ लागलो. प्रवाह माणसाला कुठे नेऊन सोडेल, याचा त्याचा अंदाज होता. बराच वेळ नुसतं पाणीच पाणी. मग लांबवर एक नारिंगी रंगाचा फुगा पाण्यातून उभा राहिला. वर येण्याआधी होडीला खूण म्हणून सोडतात, तो. दादा एकदम ओरडला, "थांब! जवळ नेऊ नकोस! वर येताना मध्ये थांबावं लागतं, ती खाली थांबली असेल, तिला घाईने वर आणू नकोस!" आम्ही थांबलो. आणि सावकाश, अगदी शिकवल्यासारख्या, वहिनी वर आल्या. एका हाताने कंत्राटदारांचा पट्टा धरलेला.

झालं होतं ते असं. कंत्राटदार कासवामागे कॅमेरा घेऊन कडेबाहेर गेले, प्रवाहात सापडले, घाबरून भराभर हवा ओढून त्यांची टाकी रिकामी होत आली. वहिनी पोचल्या तर कंत्राटदारांनी बुडत्यासारखी मिठी मारायला हात टाकला आणि वहिनींचा मास्कच उपटून काढला. म्हणजे त्या खोलीवर, खारं पाणी थेट डोळ्यांत, नाकात. वहिनींनी आधी आपली जादा नळी चाचपडत त्यांच्या तोंडात दिली, मग त्यांचा पट्टा धरला आणि त्यानंतर गळ्याशी लोंबणारा आपला मास्क चढवून फुंकून साफ केला.

कंत्राटदारांना त्या एक अक्षर रागावून बोलल्या नाहीत. ब्लँकेट दिलं, चहा दिला, डॉक्टरांकडे तपासायला धाडलं. चहा ओतताना मात्र किटलीचं झाकण खडखडत होतं. दादाने किटली काढून घेतली.

"तोंडावर पाणी आलं तेव्हा काय केलंस गं?"

"काय करणार? दोन्ही हात कामात होते. घाबरायला सवडच नव्हती," वहिनी म्हणाल्या आणि तेव्हा कुठे त्यांना रडू फुटलं.

दादा त्यांच्याजवळ बसून राहिला. त्यांचं रडणं ओसरल्यावर त्याने हळूच विचारलं, "ती मोठ्या कपारीतली वाम आहे का अजून?"

वहिनींनी चमकून वर पाहिलं. "आहे की. तोंड वासून बसलेली असते. थेट आपल्या आत्याबाई! कोण आलं, कोण गेलं, सगळं बघायचं."

दादा हसला. मग त्याने दहा पायांच्या माकुलाचं विचारलं, शिंपल्यांचं विचारलं, ज्या समुद्रफुलात नारिंगी माशांची जोडी राहायची त्याचं विचारलं. वहिनी हातवारे करून सांगत होत्या. माकूल रंग कसा बदलतं हे दाखवायला त्यांनी तर टॉवेलच अंगावर लपेटला. मी ओले पोशाख धुवायला मागे गेलो. त्या दिवशी ते काम मी केलं.

पुढच्या हंगामाआधी दोघं पुन्हा डॉक्टरांकडे गेले. बुडी नाहीच, पण पाण्यावर तरंगायला हरकत नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. तेव्हापासून पाहुणे नसलेल्या सकाळी मी त्यांना भिंतीच्या उथळ टोकाला सोडतो. दादा मास्क लावून पालथा तरंगतो, वहिनी त्याच्या खाली खोलवर पोहतात. एखादी कपार आली की थांबून बोट दाखवतात. त्यांचे बुडबुडे वर येऊन दादाच्या पोटावर फुटतात, गुदगुल्या होतात म्हणून तो तक्रार करतो.

आता वहिनींचे केस पिकलेत. आमच्या दुकानात सगळ्यात भित्री माणसं त्यांच्याकडेच येतात आणि त्याही आधी त्यांनाच घेतात. धाडसी लोकांना त्या कप्तानाकडे पाठवून देतात. गेल्या आठवड्यात एक शाळेतल्या बाई आल्या, निवृत्त. दारातच म्हणाल्या, "मला नाही जमायचं, मी फक्त बघायला आलेय." वहिनींनी त्यांना खुर्ची दिली, पाणी दिलं, आणि विचारलं, "पायाचं माप काय तुमच्या?"